‘शंभरपैकी चौसष्ट’ म्हणजे नक्की किती?

वाचकांचे प्रश्न : एपी केमिस्ट्रीचे गुण

अमेरिकेत हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलांच्या एपी, म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा मे महिन्यात होतात आणि स्कोअर जुलैच्या सुरुवातीला कळतात. टक्के, क्लास, डिस्टिंक्शन या हिशेबात वाढलेल्या आईबाबांना 1 ते 5 ही मोजपट्टी चटकन उलगडत नाही. पण मुलांचीही गल्लत होतेच, आणि ती बहुतेकदा लेखी प्रश्नांत होते. म्हणून या वेळी एपी केमिस्ट्रीच्या गुणांबद्दलचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मुलीला शाळेतल्या सराव परीक्षेत 60 पैकी 42 पर्याय बरोबर आले आणि लेखी भागात 46 पैकी 27 गुण पडले. शिक्षिकेने एकूण 64 असा आकडा काढला आणि ‘छान आहे’ म्हणाल्या. 42 आणि 27 मिळून 69 होतात, मग हे 64 कुठून आले? आणि चौसष्ट टक्क्यांत छान काय आहे? — एक पालक, न्यू जर्सी

उत्तर : बेरीज थेट करायची नसते, कारण दोन्ही विभागांचं वजन निम्मं-निम्मं आहे. पहिल्या विभागात चार पर्यायांचे 60 प्रश्न असतात आणि त्यासाठी 90 मिनिटं मिळतात. दुसऱ्यात सात लेखी प्रश्न 105 मिनिटांत सोडवायचे. त्यातले तीन मोठे प्रत्येकी 10 गुणांचे आणि चार छोटे प्रत्येकी 4 गुणांचे, म्हणजे 30 अधिक 16 असे 46. आता 60 चे 50 करायचे आणि 46 चेही 50 करायचे. तुमच्या मुलीचे 42 झाले 35, आणि 27 झाले साधारण 29.3. बेरीज 64.3. या बेरजेला कॉम्पोझिट म्हणतात.

हा आकडा शंभरपैकी असला तरी टक्के म्हणून वाचू नका. त्यावरून फक्त मूल 1 ते 5 मधल्या कोणत्या खणात पडतं ते ठरतं, आणि कॉलेजला तो खणच कळतो, चौसष्ट कळत नाही. खणांच्या सीमा दर वर्षीच्या पेपरच्या काठिण्यानुसार थोड्या हलतात. 2014 मध्ये परीक्षेचं स्वरूप बदलल्यानंतर शिक्षकांसाठी आलेल्या सराव परीक्षांच्या तक्त्यांत 5 साठी सत्तर-बाहत्तरच्या आसपास, 4 साठी अठ्ठावन्न-साठ आणि 3 साठी चाळिशीच्या थोडं वर, असं चित्र होतं. त्या हिशेबाने 64 म्हणजे आरामात 4. शिक्षिका उगाच धीर देत नव्हत्या.

ते तक्ते मात्र दगडावरची रेघ समजू नयेत. 2022 मध्ये 3 किंवा त्याहून वरचा स्कोअर मिळवणारे विद्यार्थी निम्म्याहून थोडेच जास्त होते, 2023 मध्ये ते साधारण तीन चतुर्थांश झाले. पहिल्या विभागात कॅल्क्युलेटर वापरायची परवानगी त्याच वर्षी मिळाली, आणि सीमा नव्याने तपासण्याची पद्धतही कॉलेज बोर्डाने, म्हणजे या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने, याच सुमारास बऱ्याच विषयांना लावली. जुन्या तक्त्यावर ‘एका गुणाने 5 हुकला’ म्हणून घरात सुतक पाळायचं कारण नाही.

हिशेबातून एक गोष्ट मात्र उपयोगी निघते. पर्यायाचा एक प्रश्न कॉम्पोझिटमध्ये 0.83 चा पडतो, लेखी भागातला एक गुण 1.09 चा. तुमच्या मुलीला 72 च्या वर जायचं तर पर्यायांत 42 वरून 52 वर जावं लागेल, किंवा लेखीत 27 वरून 35 वर. आमच्या मते दुसरी वाट सोपी आहे, कारण लेखीतले गुण बहुतेकदा न आलेल्या केमिस्ट्रीत जात नाहीत, अर्धवट लिहिलेल्या वाक्यात जातात.

प्रश्न : माझी सगळी गणितं बरोबर येतात. तरी मोठ्या प्रश्नांत 10 पैकी 5-6 च्या वर मी जात नाही. ‘कारण द्या’ असतं तिथे मी दोन-तीन ओळी लिहितो, पण शून्य मिळतं. तपासणारे नेमकं काय शोधतात? — अकरावीतला विद्यार्थी, टेक्सस

उत्तर : तुझी अडचण वरच्या उत्तराच्या शेवटच्या वाक्यातलीच आहे. पेपर तपासणाऱ्याच्या हातात प्रत्येक उपप्रश्नाची गुणतालिका असते. कोणत्या मुद्द्याला गुण द्यायचा ते तिच्यात लिहिलेलं असतं. मुद्दा आला तर एक, नाही आला तर शून्य. अर्धा गुण नसतो. ‘मुलाला विषय कळलेला दिसतो’ म्हणून कोणी काही पदरात टाकत नाही, आणि चुकलं म्हणून मिळवलेले गुण कोणी काढूनही घेत नाही.

पहिल्यांदा प्रश्नातलं क्रियापद बघ. ‘आयडेंटिफाय’ असेल तर नुसतं नाव पुरे. ‘कॅल्क्युलेट’ असेल तर मांडणी दाखवायलाच हवी. ‘एक्सप्लेन’ किंवा ‘जस्टिफाय’ असेल तर उत्तराला जवळपास किंमत नाही, कारणाला आहे. ‘वाढेल’ की ‘कमी होईल’ हे नाणं फेकूनही निम्म्या वेळा बरोबर येतं, म्हणून नुसत्या दिशेला सहसा गुण ठेवलेला नसतो.

आता कारण म्हणजे काय ते पाहू. आयोडीनचा उत्कलनांक ब्रोमीनपेक्षा जास्त का, असा प्रश्न आला. ‘आयोडीनचा रेणू जड आहे’ असं लिहिलंस तर गुण नाही. वस्तुमानामुळे रेणू एकमेकांना धरून ठेवत नाहीत. आयोडीनच्या रेणूत इलेक्ट्रॉन जास्त आहेत, त्यांचा ढग मोठा आणि सहज विकृत होणारा आहे, म्हणजे त्याची पोलरायझेबिलिटी जास्त, म्हणून त्याची लंडन डिस्पर्शन बलं ब्रोमीनपेक्षा प्रबळ आणि ती तोडायला जास्त ऊर्जा लागते : हे कारण झालं. यात दोन गोष्टी पाहा. बलाचं नाव घेतलं आहे, आणि दोन्ही पदार्थांची तुलना केली आहे. ‘आयोडीनमध्ये प्रबळ डिस्पर्शन बलं असतात’ एवढंच लिहिलं तर ब्रोमीनचं काय, हा प्रश्न उरतो. शिवाय ‘उकळताना आयोडीनचे बंध तुटतात’ असं त्यात घुसलं तर बरोबर लिहिलेलंही वाया जाऊ शकतं, कारण उकळताना रेणूंमधलं आकर्षण सुटतं, रेणूच्या आतला सहसंयुज बंध नाही.

आवर्तसारणीच्या प्रश्नांत दुसरा सापळा असतो. पोटॅशियमची पहिली आयनीकरण ऊर्जा सोडियमपेक्षा कमी का? ‘गटात खाली जाताना ती कमी होत जाते’ हे वर्गात पाठ केलेलं वाक्य खरंच आहे, पण ते कारण नव्हे, तो निरीक्षणाचाच पुनरुच्चार आहे. पोटॅशियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात आहे, सोडियमचा तिसऱ्या. पोटॅशियममध्ये तो केंद्रकापासून लांब आहे, त्यामुळे केंद्रकाचं आकर्षण कमी पडतं. अणुरचनेच्या जवळपास प्रत्येक ‘का’चं उत्तर शेवटी कूलोंबच्या नियमाशी येऊन थांबतं : प्रभार किती आणि अंतर किती. ‘अणूला अष्टक पूर्ण करायचं असतं’ असलं लिहू नकोस. अणूला काही हवंनको नसतं, आणि या वाक्याला गुणही नसतो.

समतोलाचंही तसंच. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडच्या एका रेणूपासून नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात. समतोल असताना भांड्याचं आकारमान दुप्पट केलं तर काय होईल? ‘ताण कमी करण्यासाठी समतोल उजवीकडे सरकतो’ हे उत्तराची दिशा सांगतं, कारण सांगत नाही. आंशिक दाब दोन्हींचे निम्मे झाले. क्यूच्या, म्हणजे त्या क्षणीच्या दाबांवरून काढलेल्या गुणोत्तराच्या, सूत्रात वर वर्ग आहे, खाली नाही. वरची बाजू चौथाई झाली, खालची निम्मी, म्हणजे क्यू आता केच्या, समतोल स्थिरांकाच्या, निम्मा आहे. क्यू केपेक्षा कमी, म्हणून अभिक्रिया पुढे जाते. चार वाक्यं झाली, आणि त्यात वाद घालायला जागा नाही.

प्रयोगातल्या चुकीवर प्रश्न आला तर साखळीची एकही कडी गाळू नकोस. कॅलरीमीटरमधून उष्णता बाहेर गेली : तापमानातली वाढ असायला हवी त्यापेक्षा कमी नोंदली गेली : म्हणून काढलेली उष्णता कमी आली : म्हणून एन्थाल्पीचं परिमाण खऱ्यापेक्षा लहान निघालं. ‘ह्यूमन एरर’ हे दोन शब्द तर आमच्या मते पेपरात बंदच करायला हवेत.

आणि लांबी वाढवू नकोस. 105 मिनिटांत 46 गुण म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटांच्या आसपास. मोठ्या प्रश्नाला तेवीस मिनिटं, छोट्याला नऊ. एका गुणाच्या कारणासाठी अर्धं पान भरलं तर दोन तोटे : वेळ जातो, आणि बोलण्याच्या ओघात एखादं चुकीचं वाक्य निसटतं.

प्रश्न : उपप्रश्न ‘ए’ चुकला की त्यावर अवलंबून असलेले ‘बी’ आणि ‘सी’ पण गेलेच ना? मग असा प्रश्न सोडून पुढे जाणं बरं का? — एक विद्यार्थिनी, कॅलिफोर्निया

उत्तर : अजिबात सोडू नकोस. आधीच्या चुकीची शिक्षा एकदाच होते. एक उदाहरण घेऊ. 0.100 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण 25.0 मिलीलीटर लागलं, त्याने ॲसेटिक आम्लाचं 20.0 मिलीलीटर द्रावण सममूल्य बिंदूपर्यंत आलं. ‘ए’ मध्ये सोडियम हायड्रॉक्साइडचे मोल विचारले, ‘बी’ मध्ये आम्लाची मोलारिटी. बरोबर उत्तरं 0.00250 मोल आणि 0.125 मोलर.

समज, ‘ए’ मध्ये दशांशचिन्ह घसरलं आणि 0.0250 मोल आलं. तो गुण गेला. पण ‘बी’ मध्ये तोच आकडा 0.0200 लीटरने भागून 1.25 मोलर लिहिलंस, तर ते तुझ्या ‘ए’ शी सुसंगत आहे आणि ‘बी’ चा गुण मिळतो. मात्र तपासणाऱ्याला ते दिसायला हवं. नुसतं 1.25 लिहिलं असेल तर ते कुठून आलं हे तो ओळखणार नाही, ओळखायचा प्रयत्नही करणार नाही. मांडणी लिहिण्याचा खरा फायदा चुकणाऱ्यालाच होतो.

‘ए’ चं उत्तर मुळीच येत नसेल तर एखादा बेताचा आकडा गृहीत धर, ‘हा आकडा गृहीत धरला’ असं स्पष्ट लिही आणि पुढचं गणित पूर्ण कर. गुण मिळेलच असं नाही, पण कोऱ्या जागेला तर खात्रीने मिळत नाही.

याच उदाहरणात ‘सी’ असा असू शकतो : ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची नळी) पाण्याने धुतली पण सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने खंगाळली नाही, तर आम्लाची काढलेली संहती जास्त येईल की कमी? ब्युरेटमध्ये उरलेल्या पाण्याने द्रावण पातळ झालं, म्हणून तेवढ्याच आम्लाला जास्त मिलीलीटर लागले. हिशेबात मात्र आपण 0.100 मोलरच धरतो. मोल फुगतात, संहती जास्त येते. ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही चुकलेला विद्यार्थीही हा गुण मिळवू शकतो, कारण याला आकडेच लागत नाहीत. मोठ्या प्रश्नांत असे सुटे गुण विखुरलेले असतात, म्हणून प्रत्येक उपप्रश्न निदान वाचायचाच.

प्रश्न : सार्थ अंक (सिग्निफिकंट फिगर्स) चुकले तर प्रत्येक गणितात गुण कापतात का? एककांचं काय? — एक पालक, इलिनॉय

उत्तर : प्रत्येक गणितात नाही. सार्थ अंकांना गुण असतो तेव्हा तो एखाद्या ठरावीक उपप्रश्नात असतो आणि गुणतालिकेत तसं नमूद असतं. पण तो उपप्रश्न कोणता हे परीक्षेत कळत नाही, म्हणून सवय सगळीकडेच ठेवावी. ब्युरेटचं किंवा तराजूचं वाचन वापरून दोन-तीन पायऱ्यांचं गणित असेल तिथे विशेष लक्ष द्या. दोन वाचनांची वजाबाकी केली की सार्थ अंक कमी होतात, आणि मुलं तिथेच फसतात : 24.62 वजा 23.90 म्हणजे 0.72, चाराचे दोनच अंक उरले. मधल्या पायऱ्यांत अंक कापू नयेत, शेवटी एकदाच कापावेत.

एकक प्रश्नातच दिलेलं असेल तर फारसं अडत नाही. ‘एककासह उत्तर द्या’ म्हटलं असेल, किंवा वेगस्थिरांकाचं एकक विचारलं असेल, तर एककाशिवाय उत्तर अपुरं. सगळ्यात महाग पडणारी चूक जूल आणि किलोजूलची : एन्ट्रॉपी जूलमध्ये, एन्थाल्पी किलोजूलमध्ये, आणि दोन्ही तशाच एका सूत्रात.

प्रश्न : पर्यायी प्रश्नांत उत्तर चुकलं तर गुण वजा होतात, असं आमच्या शेजारच्या मुलाने सांगितलं. — एक पालक, जॉर्जिया

उत्तर : 2011 पासून होत नाहीत. तो मुलगा कोणाचं तरी जुनं ऐकून सांगत असावा. एकही प्रश्न रिकामा ठेवू नये. शेवटी आठ प्रश्न राहिले आणि सगळ्यांवर आंधळेपणाने पर्याय निवडले, तरी चारातला एक या हिशेबाने सरासरी दोन बरोबर येतात, म्हणजे कॉम्पोझिटमध्ये पावणेदोनच्या जवळपास. एखादा पर्याय विचार करून खोडता आला तर आणखी बरं.

प्रश्न : उत्तरं तपासतं कोण? माझं अक्षर वाईट आहे आणि इंग्रजीही इथे येऊन दोनच वर्षं झाल्यामुळे कच्चं आहे. — एक विद्यार्थी, वॉशिंग्टन राज्य

उत्तर : पर्यायांचा विभाग यंत्र तपासतं. लेखी उत्तरं जूनमध्ये कॉलेजचे प्राध्यापक आणि अनुभवी एपी शिक्षक तपासतात, त्यांना रीडर म्हणतात. एका विद्यार्थ्याची सातही उत्तरं एकाच माणसाकडे जात नाहीत. रीडरला एखादा प्रश्न नेमून देतात, त्या प्रश्नाच्या नमुना उत्तरांवर आधी सराव करून घेतात आणि वरचे अनुभवी रीडर अधूनमधून त्याचं काम पडताळतात. तुझं नाव, शाळा किंवा दुसऱ्या प्रश्नांतले गुण त्याला दिसत नाहीत. पहिल्या उत्तराने वाईट छाप पडली म्हणून पुढच्या उत्तरांना फटका बसेल, ही भीती सोड.

व्याकरणाला आणि स्पेलिंगला गुण नाहीत. तुटक वाक्यं चालतात, बाण काढून लिहिलेली साखळीही अर्थ लागत असेल तर चालते. इंग्रजी कच्चं असणाऱ्यांचं नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं : ‘इट’ आणि ‘दे’ या सर्वनामांत. ‘इट हॅज स्ट्राँगर फोर्सेस’ यातलं ‘इट’ म्हणजे दोन पदार्थांपैकी कोणता? रीडर अंदाज बांधत नाही. प्रत्येक वेळी पदार्थाचं नाव किंवा सूत्र लिही. अणू, आयन आणि रेणू हे तीन शब्दही एकमेकांच्या जागी वापरू नकोस. सोडियम आणि सोडियम आयन यांत एका इलेक्ट्रॉनचा फरक आहे, आणि गुणही बहुधा त्या फरकालाच असतो.

खोडलेला मजकूर तपासत नाहीत, त्यामुळे चूक लक्षात आली तर एक रेघ मारून मोकळा हो. पण दोन परस्परविरोधी उत्तरं न खोडता ठेवलीस तर बरोबर उत्तराचाही गुण जातो. 2025 पासून प्रश्न कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपमध्ये पडद्यावर दिसतात आणि लेखी उत्तरं मात्र कागदी पुस्तिकेत हातानेच लिहायची असतात. म्हणून उत्तरापुढे प्रश्नाचा क्रमांक आणि उपप्रश्नाचं अक्षर ठळक घाल. ल्युईस रचनेत एकाकी इलेक्ट्रॉन जोड्या काढायला विसरू नकोस, अगदी टोकाच्या क्लोरीनवरच्यासुद्धा. कणांचं चित्र काढताना अणूंची संख्या दोन्ही बाजूंना जुळते का ते मोज.

प्रश्न : मोठ्या भावाची 2010 ते 2013 ची सराव पुस्तकं घरी आहेत. तीच वापरली तर चालेल? — एक विद्यार्थिनी, मॅसॅच्युसेट्स

उत्तर : गणितांच्या सरावाला चालतील, गुणांचा अंदाज बांधायला नाही. तेव्हा पाच पर्यायांचे 75 प्रश्न होते, लेखी प्रश्न सहा, आणि त्यात अभिक्रियांची समीकरणं पूर्ण करण्याचा वेगळा प्रश्न असे. 2014 पासून पाठांतर कमी झालं आणि आकृती, कणांची चित्रं, प्रयोगातली निरीक्षणं यांवरून तर्क करणं वाढलं. निव्वळ आयनिक समीकरण आजही विचारतात : अभिक्रियेत भाग न घेणारे प्रेक्षक आयन गाळायचे, अणू आणि प्रभार दोन्ही जुळवायचे.

पुस्तकापेक्षा मोलाची गोष्ट फुकट मिळते. एपी सेंट्रल या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न, त्यांच्या गुणतालिका आणि विद्यार्थ्यांची खरी उत्तरं गुणांसह ठेवलेली असतात. आधी प्रश्न घड्याळ लावून सोडव, मग स्वतःचं उत्तर गुणतालिकेशी कडकपणे ताडून बघ. ‘मला तेच म्हणायचं होतं’ असं मनात आलं की तो गुण शून्य धर. सोबत चीफ रीडरचा अहवालही असतो, त्यात मुलांनी कुठे काय चुकीचं लिहिलं ते प्रश्नवार दिलेलं असतं. तो फार थोडे विद्यार्थी वाचतात.

प्रश्न : मुलाला 3 मिळाला. हा नापास का? लेखी भाग पुन्हा तपासून मिळेल का? — एक पालक, मिशिगन

उत्तर : एपीमध्ये नापास असं काही नसतं. 3 म्हणजे ‘क्वालिफाइड’, आणि अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन 3 किंवा त्यावरच्या स्कोअरला क्रेडिट, म्हणजे कॉलेजचा तो कोर्स केल्याचं श्रेय, द्यावं अशी शिफारस करते. पण शेवटी प्रत्येक कॉलेज आपलं आपण ठरवतं. काही ठिकाणी 3 ला क्रेडिट, काही ठिकाणी 4 किंवा 5 लाच, आणि काही ठिकाणी क्रेडिट मिळतं पण प्रयोगशाळेचा भाग तिथे पुन्हा करावा लागतो. मुलाला मेडिकलकडे जायचं असेल तर आणखी एक चौकशी करा : काही मेडिकल स्कूल पूर्वअट म्हणून एपीचं क्रेडिट धरत नाहीत, कॉलेजात केलेली केमिस्ट्रीच मागतात.

लेखी उत्तरांची फेरतपासणी होत नाही. ज्या कॉलेजचा विचार आहे त्याच्या संकेतस्थळावर एपी क्रेडिटचा तक्ता शोधा, आणि त्यात केमिस्ट्रीच्या ओळीत स्कोअरसोबत कोणत्या कोर्सचा क्रमांक दिला आहे तेही पाहा. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठीचा कोर्स आणि इतरांसाठीचा कोर्स बऱ्याच कॉलेजांत वेगळे असतात, आणि 3 वर यांतला दुसराच मिळतो असं पुष्कळदा होतं.